आधी टेबल, मग माउस, शेवटी कीबोर्ड

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. आधारने गावाला काय दिलं, काय दिलं नाही, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पण क्रमांक मिळण्याआधी कुणीतरी नाव, पत्ता, जन्मतारीख टाइप केली होती, स्पेलिंग तपासलं होतं, बोटांचे ठसे घेतले होते. त्या टाइप करणाऱ्या हातांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आज जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, वनहक्काची नोंद, शाळेची माहिती, लाडकी बहीण योजनेची केवायसी, सगळं कुठल्या ना कुठल्या ऑपरेटरच्या बोटांखालून जातं. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबाराही त्यात आला. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे काम किती पडतं आणि ते करणाऱ्यांच्या मनगटाचं, खांद्याचं काय होतं, हा प्रश्न महागड्या ‘एर्गोनॉमिक’ कीबोर्डच्या जाहिरातींपेक्षा मोठा आहे. ती उपकरणं कुणाच्या उपयोगाची आणि कुणाच्या नाहीत, हेही त्या प्रश्नातच येतं.

पुणे-मुंबईतल्या आयटी कंपनीत माणूस दिवसभर टाइप करतो ते वेगळं आणि धडगाव किंवा अक्कलकुव्यातल्या सेवा केंद्रातलं काम वेगळं. इथे कामाची लय नेटवर्क ठरवतं. सर्व्हर डाउन असला की ऑपरेटर तासभर हात बांधून बसलेला, आणि साइट उघडली की बाहेर साठलेली रांग एका दमात उपसायची. पाड्यावरून पायी किंवा जीपने खाली उतरलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणं जिवावर येतं, कारण त्याचा उद्या म्हणजे आणखी एक मजुरी बुडालेला दिवस असतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदती लावून दिल्या. ते योग्यच झालं, पण त्या मुदतींचा भार शेवटी टेबलापलीकडच्या माणसावर येतो. त्यामुळे इथल्या ऑपरेटरची विश्रांती शरीराच्या गरजेप्रमाणे पडत नाही. नको तेव्हा ती मिळते आणि हवी तेव्हा मिळत नाही.

टाइपरायटरच्या काळात निदान यंत्रच विश्रांती देत असे. ओळ संपली की कॅरेज ढकलायचा, पान संपलं की कागद बदलायचा, कार्बन लावायचा. गोदरेजने 1955 साली भारतात टाइपरायटर बनवायला घेतला आणि 2009 साली थांबवला. त्या यंत्राच्या कळा दाबायला जोर फार लागे, पण हाताची हालचाल सतत बदलती असे. संगणकाने जोर कमी केला आणि हालचालीतला बदलही काढून घेतला. बोटं तेवढी हलतात, बाकीचा हात तासन्‌तास त्याच जागी अडकून राहतो. दुखणं बहुधा त्या अडकण्यातून सुरू होतं: मान धरते, खांदा भरून येतो, मनगटाच्या वरच्या बाजूला ठणका लागतो.

साध्या सरळ कीबोर्डवर हात तीन प्रकारे वाकडा होतो. दोन्ही हात मधोमध आणावे लागतात म्हणून मनगटं करंगळीकडे वळतात. कीबोर्डची मागची बाजू उंच असेल तर मनगट वर उचललं जातं. आणि तळवे टेबलाकडे पालथे राहतात, त्याने कोपरापासूनची दोन्ही हाडं एकमेकांवर पिळल्यासारखी होतात. एर्गोनॉमिक कीबोर्ड या तीन गोष्टींवरच इलाज करतो. कळांचे दोन गट थोडे अलग आणि तिरके ठेवले की मनगट सरळ राहतं. मधला भाग उंचावला की तळवे पूर्ण पालथे होत नाहीत. पुढची कड, म्हणजे आपल्याकडची, उंच केली की मनगट वर उचलावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टने 1994 साली ‘नॅचरल’ कीबोर्ड आणला तेव्हापासून हा आकार सर्वसामान्य बाजारात आहे. पुढे 2013 साली त्यांचा ‘स्कल्प्ट’ आला. 2023 साली मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या नावाचे कीबोर्ड-माउस थांबवायचं ठरवलं आणि ती रचना ‘इनकेस’ कंपनीकडे गेली. सध्या ज्याचं नाव जास्त ऐकू येतं तो लॉजिटेकचा ‘एर्गो के860’ 2020 सालचा. माउसमध्ये त्यांचाच ‘एमएक्स व्हर्टिकल’ 2018 चा आणि लहान हातांसाठीचा ‘लिफ्ट’ 2022 चा. दोन्हींचा कोन 57 अंशांचा, म्हणजे माउस धरलेला हात हस्तांदोलन करताना असतो तसा उभा राहतो. लिफ्ट डावखुऱ्यांसाठीही मिळतो, याची दखल आपल्याकडच्या कार्यालयांनी घ्यायला हवी.

मग ही उपकरणं दुखणं खरंच कमी करतात का? जाहिरातीत उत्तर सोपं आहे, अभ्यासात नाही. 1999 साली अमेरिकेत हात-मनगटाचा त्रास आधीच असलेल्या 80 जणांवर सहा महिने चाललेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ‘नॅचरल’ पद्धतीचा कीबोर्ड वापरणाऱ्यांचा त्रास कमी झाल्याचं आढळलं, पण तो परिणाम दिसायला महिने लागले. दुसरीकडे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2018 सालच्या आढाव्याने कार्यालयीन कामगारांवरच्या 15 चाचण्या एकत्र पाहिल्या. हाताला आधार आणि वेगळ्या आकाराचा माउस यांनी मान-खांद्याचा त्रास टळतो का, यावर त्यांना मिळालेले पुरावे परस्परविसंगत निघाले, आणि बहुतेक चाचण्यांचा दर्जाही कच्चा होता. डेन्मार्कमध्ये जवळपास सात हजार संगणक वापरणाऱ्यांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात बोटांना मुंग्या येण्याचा संबंध आठवड्याला 20 तासांहून जास्त माउस वापरण्याशी दिसला, कीबोर्डशी तसा दिसला नाही.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण सेवा केंद्रातलं काम टायपिंगचं वाटत असलं तरी मुख्यतः माउसचं आहे. एका दाखल्याचा अर्ज भरताना पाहा. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. जन्मतारखेच्या कॅलेंडरात 1974 सालापर्यंत मागे जा. शाळा सोडल्याचा दाखला स्कॅन करा, कडा कापा, फाइल ठरलेल्या केबीत बसत नाही म्हणून आकार कमी करा, अपलोड करा, नापास झाली की पुन्हा करा. यात टाइप करायचे शब्द मोजकेच, क्लिक मात्र चिक्कार. हात माउसवर, कोपर हवेत, खांदा किंचित वर उचललेला. अशा माणसाला दहा हजारांहून महाग कीबोर्ड देऊन हाती थोडंच लागेल. पहिले पैसे माउसवर खर्च व्हावेत.

त्याहून आधी, पैसे न लागणारी एक गोष्ट आहे. एका रकान्यातून दुसऱ्यात जायला टॅबचं बटण वापरायचं. यादी उघडली की गावाच्या नावाचं पहिलं अक्षर दाबायचं, यादी तिथे उडी मारते. सरावाने बरेचसे क्लिक वाचतात. मी ज्या केंद्रांमध्ये लोकांचे हात न्याहाळले आहेत, तिथे टॅब वापरणारा ऑपरेटर विरळाच दिसला. कुणी शिकवलेलंच नसतं. संगणकाच्या वर्गांमध्ये वर्ड आणि एक्सेल असतं, पण अर्ज भरायची ही साधी हातोटी राहून जाते.

उभा माउस घ्यायचा तर हाताच्या मापाचा घ्यावा. मोठा माउस लहान पंजात धरला की बोटं ताणली जातात आणि इलाजच आजार होतो. पहिले काही दिवस नेम चुकतो, कागदाची कड कापताना विशेष. ट्रॅकबॉलचा माउस जागचा हलत नाही, अंगठ्याने चेंडू फिरवायचा. फायली, स्कॅनर, ठसे घेण्याचं यंत्र, डोळ्यांचा कॅमेरा यांनी भरलेल्या टेबलावर ती मोठी सोय आहे. पण मग सगळा भार अंगठ्यावर जातो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ चेंडूखाली बसते, तो काढून पुसत राहावं लागतं. या दोहोंत मी बहुतेकांना उभा माउस सुचवेन, आणि जमेल त्याने अर्धा दिवस माउस डाव्या हाताने चालवावा असंही सांगेन. याचं कारण कीबोर्डच्या उजवीकडचं आकड्यांचं पॅड. त्याच्यामुळे माउस हातभर लांब जातो आणि उजवा खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. पॅड काढून टाकता येत नाही, कारण आधारचे बारा आकडे, मोबाइलचे दहा, बँक खात्याचे त्याहून जास्त, हे सगळं त्यावरच होतं. आणि खेदाची गोष्ट अशी की के860 सारख्या महागड्या एर्गोनॉमिक कीबोर्डलाही हे पॅड उजवीकडे जोडलेलंच आहे, शिवाय दोन भाग अलग केल्याने त्याची लांबी आणखी वाढते. स्कल्प्टचं पॅड सुटं होतं. ते डावीकडे ठेवता येई, आणि आपल्या कामाला तीच रचना बरी पडते. साध्या कीबोर्डसोबत वेगळं पॅड विकत घेऊनही तेच साधता येतं.

आता मराठीचा मुद्दा, जो या उपकरणांच्या परीक्षणांमध्ये कुठेच सापडत नाही. इनस्क्रिप्ट हा कीबोर्डचा आराखडा केंद्र सरकारने 1986 साली प्रमाण म्हणून ठरवला. त्यात स्वर, मात्रा आणि हलन्त डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. एकाआड एक हात चालतो, त्यामुळे लय छान लागते आणि भार वाटला जातो. आपल्या लिपीचा स्वभाव ओळखून केलेली ही रचना आहे, आणि ती शिकणं हा मराठी टाइप करणाऱ्यासाठी कुठल्याही महागड्या यंत्राहून मोठा दिलासा आहे. पण तिला दोन अडचणी आहेत.

पहिली, शिफ्टची. ख, घ, छ, झ, ठ, ढ, ण, थ, ध, फ, भ, श, ष, ळ हे सगळे शिफ्टवर. ‘मिळण्यासाठी’ हा रोज शंभर अर्जांत येणारा शब्द. त्याला अकरा कळा लागतात, आणि त्यातल्या ळ, ण, ठ या तीन अक्षरांसाठी करंगळीने शिफ्ट धरून ठेवावं लागतं. करंगळी हे हाताचं सगळ्यात दुबळं बोट. ज्यांची करंगळी दुखते त्यांनी विंडोजमधली स्टिकी कीज ही सोय चालू करावी. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की ती विचारणा करते. मग शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही, आधी शिफ्ट दाबायचं, सोडायचं, मग अक्षर. अपंगांसाठी केलेली ही सोय मराठी कारकुनाच्या करंगळीलाही उपयोगी आहे, आणि फुकट आहे.

दुसरी अडचण ‘व’ची, आणि ती खास नंदुरबारची म्हणावी लागेल. वळवी, पाडवी, वसावे, गावित, पावरा: या जिल्ह्यातल्या ठळक आडनावांत ‘व’ हटकून येतो. नवापूर तालुक्याच्या नावातही तो आहे. इनस्क्रिप्टमध्ये ‘व’ इंग्रजी बी च्या कळेवर असतो, आणि ती कळ कीबोर्डच्या ऐन मध्यावर. टायपिंगच्या शिस्तीप्रमाणे ती डाव्या तर्जनीची, पण आपले आपण शिकलेले कितीतरी जण ती उजव्या तर्जनीने दाबतात. सरळ कीबोर्डवर हे खपून जातं. दोन भागांत विभागलेल्या कीबोर्डवर बी डाव्या गटात जातो, मध्ये मोकळी जागा, आणि उजवी तर्जनी त्या जागेवर आपटत राहते. ‘वळवी’ लिहिताना ती दोनदा आपटणार. दोन-तीन आठवडे नेटाने डाव्या तर्जनीची सवय लावली तर प्रश्न सुटतो. पण रांग समोर असताना तेवढी उसंत कुणाला? दाखल्यावर आडनाव चुकलं तर दुरुस्तीसाठी माणसाला पुन्हा खेटे पडतात, हे लक्षात ठेवून ही सवय घरी, कामाबाहेर लावावी.

यावरूनच विभागलेला कीबोर्ड कुणी घ्यावा हे ठरतं. ज्याला कळांकडे न पाहता दहा बोटांनी टाइप करता येतं, आणि ज्याचा दिवसातला मोठा वेळ खरोखर मजकूर लिहिण्यात जातो: न्यायालयातले टंकलेखक, पंचायत समितीत इतिवृत्तं आणि पत्रव्यवहार सांभाळणारे, वार्ताहर, अनुवादक. कारकून-टंकलेखकाच्या भरतीला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांच्या वेगाचं प्रमाणपत्र लागतं. ते मेहनतीने मिळवून पुढे रोज वापरणाऱ्यांना या कीबोर्डचं चीज करता येईल. दोन बोटांनी कळा शोधत टाइप करणाऱ्याला त्याचा लाभ जवळजवळ नाही. त्याचे हात कळांवर स्थिर नसतातच, ते वरून फिरत असतात. त्याच्यासाठी तोच पैसा टायपिंगच्या वर्गाला गेला तर जास्त फळेल.

वायरलेसचं काय? मला वाटतं, ‘एर्गोनॉमिक’ आणि ‘वायरलेस’ हे दोन शब्द बाजाराने एकत्र बांधले आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध थोडाच आहे. सेवा केंद्रातल्या जागच्या संगणकाला वायर असलेला कीबोर्ड चांगला. सेल संपत नाही, डोंगल हरवत नाही, आणि टीव्हीएस गोल्डसारखा मेकॅनिकल कळांचा कीबोर्ड धुळीत, गर्दीत वर्षानुवर्षं टिकतो. वायरलेसची एक बाजू कार्यालयांच्या ध्यानात येत नाही. 2016 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की अनेक वायरलेस कीबोर्ड-माउसच्या डोंगलमधून बाहेरचा माणूस थोड्या अंतरावरून संगणकात घुसू शकतो, आणि काही स्वस्त कीबोर्ड तर दाबलेली प्रत्येक कळ उघडीवाघडी हवेत पाठवतात. जिथे दिवसभर लोकांचे आधार आणि खाते क्रमांक टाइप होतात, तिथे नाव-गाव नसलेला वायरलेस कीबोर्ड असूच नये. घ्यायचाच तर संदेश कूटबद्ध करून पाठवणारा घ्यावा. शिवाय काम अडखळू लागलं, अक्षरं गळू लागली तर डोंगल कुठे लावलाय ते आधी पाहावं. यूएसबी 3 च्या जोडणीतून निघणारा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींना बिघडवतो हे इंटेलने 2012 सालीच सांगितलं आहे. बाहेरची हार्ड डिस्क किंवा स्कॅनर शेजारच्या खाचेत असेल तर डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरीने पुढे आणला की दोष जातो.

वायरलेस खरं कामाला येतं ते लॅपटॉपवाल्यांच्या. तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य विभागाचे कर्मचारी, आधारचं किट घेऊन गावोगाव फिरणारे ऑपरेटर. लॅपटॉपची रचनाच अशी की पडदा योग्य उंचीवर आणला तर कळा खांद्यापाशी येतात, आणि कळा योग्य उंचीवर ठेवल्या तर मान दिवसभर खाली. यावर एकच उपाय, दोघांची ताटातूट करणं. लॅपटॉप चार जाड रजिस्टरांवर चढवायचा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायची, आणि समोर सुटा कीबोर्ड, सुटा माउस. बॅगेत मावणारा, हजार-दीड हजारांचा चांगल्या कंपनीचा साधा वायरलेस संच इथे पुरेसा आहे. त्याला एर्गोनॉमिक म्हणत नसले तरी मान वाचवण्यात तो महागड्या कीबोर्डला मागे टाकेल. सेलवर चालणारा घ्यावा, कारण पेन्सिल सेल धडगावच्या किराणा दुकानातही मिळतो आणि चालतो महिनोन्‌महिने.

टेबलाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. सरकारी टेबल साधारण अडीच फूट उंचीचं असतं. बुटक्या माणसाचं कोपर खुर्चीत बसल्यावर टेबलाच्या पातळीखाली राहतं, आणि मग तो नकळत खांदे उचलून टाइप करतो. खुर्ची बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकची, तिची उंची बदलत नाही. अशा वेळी बैठकीवर घट्ट गादी घालून शरीर वर घ्यावं, कोपर टेबलाच्या पातळीला आलं की थांबावं, आणि पाय लोंबू लागले तर खाली लाकडी पाट ठेवावा. कीबोर्डमागचे दोन छोटे पाय दुमडून टाकावेत. ते उघडले की मनगट वर वाकतं. माउस कीबोर्डला भिडवून ठेवावा. एवढं करून झाल्यावर पंधरवड्याने त्रास उरला तर उपकरणं विकत घेण्याचा विचार करावा.

विश्रांतीवरही एक ठोस अभ्यास आहे, आणि तो नेमका डेटा एन्ट्री करणाऱ्यांवरचा. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यातल्या ऑपरेटरांना नेहमीच्या सुट्टीखेरीज, ज्या तासात सुट्टी नसे त्या तासात पाच मिनिटांची जादा सुट्टी देऊन पाहिली. त्याचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले: हात, मान, डोळे यांचा त्रास कमी झाला आणि दिवसभराचं काम घटलं नाही. आपल्याकडे साइट बंद पडलेला वेळ हीच विश्रांती समजली जाते. पण त्या वेळात ऑपरेटर उठत नाही, मोबाइलवर मान घालून बसतो. त्या वेळात त्याने उठून दाराशी जाऊन यावं, आणि साइट चालू असताना दर तासाला पाच मिनिटं रांगेला थांबायला सांगण्याचा अधिकार त्याला तहसीलदारांनी किंवा गटविकास अधिकाऱ्यांनी लेखी द्यावा. तोंडी दिलेला अधिकार रांगेसमोर टिकत नाही.

इतकं असूनही अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल, झोपेतून हात झटकत उठावं लागत असेल, तर कीबोर्ड बदलून भागणार नाही. मनगटातून जाणारी नस दबल्याची ती खूण असू शकते. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांत ती जास्त दिसते. डॉक्टरांना दाखवावं, आणि उशीर करू नये, कारण अंगठ्याखालचा स्नायू सुकला की तो परत भरणं कठीण.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक मानधनावर, सेवा केंद्रवाला दाखल्यामागे मिळणाऱ्या शुल्कावर. त्याने स्वतःच्या खिशातून उभा माउस घ्यावा अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. कार्यालयांची खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून होते आणि तिथे सर्वांत कमी दराचा संच जिंकतो. निविदेत ‘कीबोर्ड-माउस संच’ एवढंच लिहिलं तर सर्वांत स्वस्त संचच येणार. माउसचं माप, डाव्या हाताचा पर्याय, सुटं आकड्यांचं पॅड आणि उंची बदलणारी खुर्ची या चार गोष्टी मागणीत स्वतंत्र लिहिल्या तर खर्च फार वाढत नाही. आणि ही उपकरणं हातात धरून पाहिल्याशिवाय कळत नाहीत, तर ऑनलाइन मागवताना फक्त चित्र दिसतं. म्हणून जिल्ह्याच्या सहाही पंचायत समित्यांमध्ये एकेक विभागलेला कीबोर्ड, दोन मापांचे उभे माउस आणि एक ट्रॅकबॉल असा संच ठेवावा, नोंदवहीत सही करून परिचालकाने तो पंधरा दिवस आपल्या टेबलावर न्यावा, आणि परत करताना काय जमलं, काय टोचलं हे त्याच वहीत लिहावं. पुढची मागणी त्या नोंदी वाचून ठरवता येईल.